९९२ युरोंचा महिना: जर्मनीत शिकायला जाताना खर्चाचा हिशेब कसा मांडायचा

मागच्या जुलैत सांगलीहून एका काकांचा फोन आला. मुलाला जर्मनीत मास्टर्सला प्रवेश मिळाला होता आणि कुणाच्या तरी ओळखीतून माझा नंबर त्यांच्यापर्यंत पोचला होता. प्रस्तावना वगैरे काही नाही. "ते नऊशे ब्याण्णव युरो म्हणतात ना महिन्याला, ते पुरतात का हो?" मी विचारलं, "गाव कुठलं?" ते म्हणाले, "म्युनिक." मी क्षणभर गप्प बसलो, तेवढ्यात काका समजायचं ते समजले. "मग खरा आकडा सांगा. कर्ज काढायचंच आहे तर एकदाच काढतो. बँकेच्या पायऱ्या दुसऱ्यांदा चढणं माझ्याच्यानं होणार नाही."

तासभर बोललो त्या दिवशी. ते सगळं इथे क्रमानं मांडतो आहे. मी माग्देबुर्गला शिकलो. पूर्व जर्मनीतलं मध्यम शहर, भाडी आटोक्यातली. त्यामुळे खालचे आकडे तशा गावाचे आहेत. म्युनिकसारख्या ठिकाणी काय बिघडतं ते त्या-त्या जागी सांगेन.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच. महिन्याचं बजेट आपली मुलं तशी बरी करतात. भाडं, किराणा, फोन, सगळं एक्सेलमध्ये असतं. फटका बसतो तो तारखांवर: अनामत, सत्राची फी, आठ महिन्यांचं साचलेलं बिल, परमिटचं नूतनीकरण. म्हणून पाटी दोन रकान्यांची करा. एकात रक्कम, दुसऱ्यात ती खिशातून कधी जाणार ती तारीख.

पायरी १: ९९२ हा आकडा कुठून आला ते आधी समजून घ्या

व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याचा खर्च हाताशी आहे हे दाखवावं लागतं. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. बारानं भागली की ९९२. ती 'श्पेरकोंटो'त, म्हणजे आपली मुलं ज्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात त्यात भरायची, आणि तिकडे पोचल्यावर त्यातून दरमहा ९९२च सुटतात. हा आकडा जर्मन विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या 'बाफ्योग' या सरकारी मदतीच्या कमाल दरावरून घेतला आहे. देशभर तो एकच. माग्देबुर्गला तो आरामात पुरतो आणि म्युनिकला वीस तारखेला संपतो, याच्याशी व्हिसा कार्यालयाला देणंघेणं नसतं.

युरो शंभर रुपयांना धरला तर ही रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. (हिशेब करताना त्या दिवशीचा दर बघा आणि वर पाच टक्के धरा. बँकेचा दर गूगलच्या दरापेक्षा नेहमीच महाग असतो.) आता इथे टीसीएस येतो, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर. १ एप्रिल २०२५ पासून परदेशी पाठवलेल्या पहिल्या दहा लाखांवर, एका आर्थिक वर्षात, टीसीएस लागत नाही. त्यावरच्या रकमेवर बँक तो कापून घेते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर तो लागतच नाही. स्वतःचे पाठवत असाल तर तीन गोष्टी करा. आई आणि वडील दोघांच्या पॅनवर मर्यादा वेगवेगळी असते, तेव्हा रक्कम विभागा. ए-टू फॉर्मवर, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या बँकेच्या अर्जावर, कारण 'परदेशी शिक्षण' असंच पडलंय ना, ते काउंटर सोडायच्या आधी वाचा, कारण इतर कारणांसाठी दर बराच जास्त आहे. आणि कापला गेलाच तर तो बुडत नाही, विवरणपत्र भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर काही महिने अडकतो, हे पाटीवर लिहा.

शिकवणी-फी नसते हे सरकारी विद्यापीठांबाबत बहुतांशी खरं आहे, पण सरसकट नाही. श्टुटगार्ट, कार्ल्सरुहं, हायडेलबेर्ग ही गावं ज्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात येतात तिथे २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत २०२४च्या हिवाळी सत्रापासून नव्यानं आलेल्या, युरोपबाहेरच्या मुलांना मास्टर्सला सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो पडतात. म्युनिकला दुसरंही मोठं विद्यापीठ आहे, त्यामुळे प्रवेशपत्रात नेमकं काय लिहिलंय ते काकांना मोठ्यानं वाचायला लावलं.

आणि सगळ्यात मोठी तारीख ही: वर्ष संपताना. बरीच घरं समजतात की बारा लाख एकदा भरले की सुटलो. राहण्याचा परवाना वाढवताना परदेशी नागरिकांच्या कार्यालयात पुढच्या काळासाठीचे पैसे पुन्हा दाखवावे लागतात. नोकरीचा करार आणि पगाराच्या पावत्या असतील तर त्या चालतात, नाहीतर खातं परत भरा. मास्टर्स दोन वर्षांचं असतं आणि थीसिस लांबून अडीच वर्षं होणं ही तिथली रोजची गोष्ट. कर्ज मंजूर करून घेताना दोन वर्षांचा राहण्याचा खर्च मागा. उचलला नाही तर व्याज नाही. पण मंजूरच नसेल तर दहाव्या महिन्यात धावाधाव.

पायरी २: जे टळणारच नाही ते आधी वजा करा

माग्देबुर्गसारख्या गावातली, वसतिगृहात राहणाऱ्या मुलाची पाटी साधारण अशी:

- खोली, सगळं धरून: ३१०
- आरोग्य विमा: १५०
- सहा महिन्यांच्या सत्राची वर्गणी (ही शिकवणी-फी नव्हे) ३०० धरली, तर महिन्याचा वाटा: ५०
- मोबाइल: १०
- रेडिओ-टीव्ही वर्गणीचा तिसरा हिस्सा: ६
- हाफ्टफ्लिश्ट विमा: ५

बेरीज ५३१. उरले ४६१. आता यातली फक्त खोलीची ओळ बदला आणि म्युनिकच्या खासगी फ्लॅटमधल्या खोलीचे ६५० लिहा. बेरीज ८७१, उरले १२१. त्यात महिनाभर जेवायचं. ६५० हा आकडाही मी हात राखून धरलाय: २०२४च्या हिवाळी सत्रासाठी मोजेस मेंडेल्सझोन इन्स्टिट्यूटनं केलेल्या पाहणीत सामायिक फ्लॅटमधल्या खोलीचं देशाचं सरासरी भाडं ४८९ युरो निघालं होतं आणि म्युनिकचं ७९०. काकांना मी म्हटलं, म्युनिकसाठी महिन्याला किमान तीनशे युरो वरचे धरा, आणि मुलाला आजच्या आज तिथल्या श्टुडिरेंडेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थेच्या, यादीत नाव घालायला सांगा.

विम्याबद्दल थोडं थांबून. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा सवलतीच्या दरात मिळतो, १४० ते १५० युरो. वयाची तेविशी ओलांडली असेल आणि मूल नसेल तर किंचित जास्त. खासगी कंपन्या त्याच्या निम्म्यात विमा विकतात आणि जाहिरात मोठी गोड असते. पण सार्वजनिक विम्यातून एकदा सूट घेतली की ते शिक्षण संपेपर्यंत परतीचं दार बंद. मग आजार निघाला तर आधी बिल आपण भरायचं, मागाहून कंपनीशी पत्रव्यवहार करायचा. माझ्या एका वर्गमित्रानं महिन्याला साठ-सत्तर युरो वाचवले आणि अपेंडिक्सच्या वेळी रात्रभर घरी फोन करत बसला. सार्वजनिक विम्यातही चष्मा येत नाही. म्हणून निघायच्या आधी चष्म्याच्या दोन जोड्या आणि दाताची सगळी कामं इथे उरकून घ्या.

हाफ्टफ्लिश्ट हे नाव ऐकून सगळे हसतात. तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा हा विमा. सक्तीचा नाही. पण मशीनची नळी सुटून खालच्या मजल्याच्या छतातून पाणी गळायला लागलं की त्या पाच युरोंची किंमत कळते.

सत्राच्या वर्गणीत बहुतेक ठिकाणी प्रवासाचं तिकीट येतं, आणि अनेक विद्यापीठांत ते देशभर चालणारं डॉइचलांड-सेमेस्टरटिकेट असतं. बाहेरच्यांना तेच तिकीट २०२६च्या जानेवारीपासून महिन्याला ६३ युरो आहे, विद्यार्थ्यांना त्याच्या साठ टक्क्यांत. फक्त जलद गाड्यांत, म्हणजे आयसीई-आयसीत, ते चालत नाही. आणि हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं. तुम्ही १० सप्टेंबरला उतरलात तर ते वीस दिवस तिकीट खिशातून.

पायरी ३: पहिले नव्वद दिवस वेगळे मांडा

ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता विमानतळावर मिळत नाही. आधी राहायचा पत्ता. मग महानगरपालिकेत नोंदणी, तिला 'अनमेल्डुंग' म्हणतात. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि घरमालकाची सही असलेला कागद लागतो. मग चालू खातं. मग त्या खात्याचा नंबर ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना. सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळ्या गावात नवे विद्यार्थी, नोंदणीची वेळ मिळायलाच तीन आठवडे. माझा पहिला हप्ता उतरल्यानंतर एकतिसाव्या दिवशी आला.

त्या काळात काय-काय जातं ते बघा. वसतिगृहाची अनामत ५००. पहिलं भाडं ३१०. सत्राची वर्गणी ३००, ही बहुतेकदा भारतातूनच भरावी लागते. दोन महिन्यांचा विमा एकदम ३००. रजई, उशी, भांडी १५०, कारण खोलीत पलंग असतो पण त्यावर काही नसतं. राहण्याचा परवाना १०० पर्यंत, बायोमेट्रिक फोटोंचे १५. तिकीट, सिमकार्ड आणि बसस्थानकावरची महागडी सँडविचं १५०. झाले १,८२५, आणि किराण्याला अजून हात लावलेला नाही. म्हणून ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर दोन हजार युरो मोकळे हवेतच. रोख चारशे-पाचशे पुरे, बाकीचे फॉरेक्स कार्डावर. एका प्रवासाला परकीय चलनाच्या नोटा तीन हजार डॉलरइतक्याच नेता येतात, पण तेवढ्या बाळगायची गरजही नाही.

थंडीचा कोट मात्र पुण्यातून घेऊ नका. इथली 'लेदर-लूक' जाकिटं तिथल्या नोव्हेंबरात शोभेची ठरतात. क्लाइनआनत्साइगेनवर, म्हणजे तिथल्या ओएलएक्सवर, तीस-चाळीस युरोंत चांगला जुना कोट मिळतो. सायकल, टेबल, राइस कुकर तिथूनच.

आता ते साचलेलं बिल. आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघर सामायिक. नोंदणी झाल्यावर महिनाभरात एक पत्र आलं, जाड करडा कागद, सगळं जर्मन. टीव्ही हा शब्द दिसला, आमच्याकडे टीव्ही नव्हता, म्हणून ते जाहिरातीचं समजून फ्रिजवर ठेवलं आणि त्यावर पोह्यांचा डबा. नंतर आणखी दोन पत्रं आली, तीही त्याच डब्याखाली गेली. ही तिथली रेडिओ-टीव्ही वर्गणी, 'रुंडफुंकबायट्राग'. टीव्ही असो-नसो, दर घराला महिन्याला १८.३६ युरो. आठ महिन्यांचे १४६.८८ एकदम आले आणि वर दंड. तिघांत वाटले तरी त्या महिन्यात माझे केस कापायचे राहिले. तेव्हा फ्लॅटमध्ये कोणी आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक घेऊन लगेच कळवा की आमचं घर एकच आहे. स्वतंत्र अपार्टमेंट असेल तर पूर्ण १८.३६ तुमचे. आणि जर्मनीत आलेलं प्रत्येक कागदी पत्र त्याच दिवशी उघडा, फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून वाचा.

पायरी ४: खोली

जाहिरातीत दोन भाडी असतात. 'काल्टमीटे' म्हणजे नुसत्या भिंतींचं. 'वार्ममीटे' म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट धरून. वीज आणि इंटरनेट वार्ममध्ये आहे की नाही ते दरवेळी विचारा. हीटिंग-पाण्याचे हे वरचे खर्च, 'नेबेनकोस्टेन', अंदाजानं घेतलेले असतात. वर्ष संपलं की पुढच्या बारा महिन्यांत मालक खरा हिशेब पाठवतो. हीटर पाचवर ठेवून खिडकी उघडी टाकली असेल तर दोन-तीनशे युरोंचं पत्र येऊ शकतं. उलट काटकसर केली असेल तर पैसे परतही येतात. वसतिगृहात बहुधा ठोक रक्कम असते, ही कटकट नाही.

अनामतीला 'काउत्सिओन' म्हणतात. कायद्यानं ती तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि भाडेकरूला ती तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क आहे. हे बऱ्याच मुलांना माहीत नसतं आणि मालक आपणहून सांगत नाही. हप्त्यांत मागा. पहिल्या महिन्याचा अर्धा ताण तिथेच उतरतो.

फसवणुकीचा नमुना ठरलेला आहे. सुंदर फ्लॅट, मध्यवस्तीत, निम्म्या भाड्यात. मालक सध्या लंडनला किंवा जहाजावर. पैसे पाठवा, किल्ली कुरियरनं येईल. किल्ली कधीच येत नाही. स्वतः किंवा ओळखीच्या माणसानं खोली पाहिल्याशिवाय एक सेंटही पाठवायचा नाही. भारतातून खोली मिळत नसेल तर 'त्स्विशेनमीटे' बघा: सुट्टीला किंवा इंटर्नशिपला गेलेल्या विद्यार्थ्याची खोली दोन-तीन महिन्यांसाठी. फक्त नोंदणीसाठी सही मिळेल का, हे आधी विचारून घ्या. सही नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर खातं नाही, आणि पुढची सगळी साखळी तुम्ही वाचलीच आहे.

खोलीत कपडे वाळत घालून खिडक्या बंद ठेवू नका. भिंतीला बुरशी धरते आणि ती अनामतीतून कापली जाते. दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडायची, बाहेर उणे पाच असलं तरी.

पायरी ५: स्वयंपाकघर, जिथे खरी बचत आहे

भाडं, विमा, वर्गणी यांत तुमच्या हातात काही नाही. हातात आहे ते हे. बाहेर जेवणारा आणि घरी रांधणारा यांच्या खर्चात महिन्याला दोनशे युरोंचा सहज फरक पडतो.

सामान नेताना एक नियम लक्षात ठेवा. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. आईनं कढवलेलं साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या, सगळं यात बसतं. कढीपत्ता आणि हापूसही रोपांच्या आरोग्य-दाखल्याशिवाय नाही. त्यापेक्षा बॅगेतली जागा गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, हिंग, आमसुलं, मेतकूट यांना द्या. तीन लिटरचा कुकर न्या, सोबत दोन जादा रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. शेगडी इंडक्शनची असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. इंडक्शन-बेसचा स्टीलचा घ्या, तो सगळीकडे चालतो.

तुपाची सोय तिथेच होते. बिनमिठाच्या लोण्याचं २५० ग्रॅमचं पाकीट जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेवा. आधी पांढरा फेस, मग तडतड, मग तळाशी सोनेरी बेरी दिसली की उतरवा. वासानं शेजारची मुलगी, ती इराणची होती, स्वयंपाकघरात येऊन उभी राहायची. बेरी साखर घालून तिला द्यायचो. 'क्वार्क' नावाचा पदार्थ प्रत्येक दुकानात असतो. चाळीस टक्के फॅटवाला घ्या, पंचात तासभर टांगा, साखर आणि वेलदोडा घाला. दसऱ्याचं श्रीखंड झालं, आणि ते चितळ्यांच्या डब्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात. रवा म्हणजे 'वाइत्सेनग्रीस', त्यातला 'वाइशवाइत्सेन' असं लिहिलेला. अर्धा किलो एका युरोच्या आत-बाहेर. उपीट आणि शिरा दोन्ही फर्मास होतात. भारतीय दुकानातला तोच रवा दुप्पट किमतीला मिळतो, तो घेऊ नका.

खरेदीचा माझा शिरस्ता असा होता. दूध, अंडी, बटाटे, कांदे, रवा, साखर आल्डी-लिडलमधून. कोथिंबीर, मसूर, छोले, वांगी तुर्की दुकानातून. तिथली कोथिंबिरीची जुडी आपल्या मंडईतल्या जुडीसारखी भरगच्च असते, सुपरमार्केटात तीच कुंडीत लावलेली आणि महाग. भारतीय दुकानात महिन्यातून एकदाच आणि यादी घेऊन: तूरडाळ, कणीक, बेसन, जाडे पोहे. कणकेची दहा किलोंची पिशवी तिघांत. यादीशिवाय गेलो त्या महिन्यांत बाकरवडी, पापडी आणि फ्रोझन पराठ्यांनी तीस युरो खाल्ले. हे दुःख प्रत्येकाचं आहे.

दुपारचं जेवण 'मेन्झा'त, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत. विद्यार्थी ओळखपत्रावर तीन-चार युरोंत भरपेट होतं आणि लायब्ररीतून घरी जाऊन परत यायचा वेळ वाचतो. रात्री घरी आमटी-भात. आम्ही तिघांनी पाळ्या लावल्या होत्या: ज्याची पाळी त्यानं दोन दिवसांचं करायचं, दुसऱ्यानं भांडी. महिन्याला माझे किराण्याचे ११० ते १२० आणि मेन्झाचे ६०-७०. म्हणजे पाटीवर १९० लिहा, चालून जातं.

रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी रात्री उतरून सोमवारपर्यंत बिस्किटांवर काढलेले मी एकटाच नाही. बॅगेत दोन दिवसांचं खाणं ठेवा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. घेतलीच तर एकदा वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट 'फांड', म्हणजे बाटलीची अनामत, असते. दुकानातल्या यंत्रात टाकली की चिठ्ठी मिळते आणि ती बिलातून वजा होते. वसतिगृहातल्या पार्टीनंतर रिकाम्या बाटल्या उचलायला लाजू नका. वीस प्लॅस्टिक बाटल्या म्हणजे पाच युरो.

पायरी ६: नोकरीचे पैसे पहिल्या सहा महिन्यांत धरू नका

मिळाली तर उत्तमच. पण जर्मन बेताचं, गाव नवं, पहिल्या सत्राचे पेपर समोर. अशात पाटीवर 'पार्ट टाइम: ५००' असं आधीच लिहिणं म्हणजे बाजारात तुरी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला किंवा मॅक्सम्युलर भवनला घालवलेली संध्याकाळ इथे व्याजासकट परत मिळते. जर्मनची बी-वन ही मधली पातळी गाठलेल्या मुलाला बेकरीत, दुकानात, कॉल सेंटरात काम मिळतं. इंग्रजीवरच चालवणाऱ्याला गोदामात रात्रपाळी.

नियम थोडक्यात. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मार्च २०२४ मध्ये ही मर्यादा वाढली, जुन्या व्हिडिओंत अजून १२० सांगतात. विद्यापीठातलं सहायकाचं काम, ज्याला सगळे 'हिवी' म्हणतात, त्या दिवसांत मोजलं जात नाही, म्हणून ते आधी शोधा. किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आणि 'मिनीजॉब'ची, म्हणजे छोट्या अर्धवेळ नोकरीची, कमाईची मर्यादा महिन्याला ६०३. आठवड्याला दहा तास म्हणजे हीच रक्कम. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांवर गेलात तर विद्यार्थ्याच्या विम्याची सवलत जाते. आणि फ्रीलान्स कामं, यूट्यूबची कमाई वगैरे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाच्या परवानगीशिवाय चालत नाही. परवाना त्याच कार्यालयातून वाढवून घ्यायचा आहे.

रोख, बिनकराराचं काम कोणी देऊ करेल. आपल्याच लोकांकडून देऊ केलं जाईल बहुधा. नको.

पायरी ७: लिहायची पद्धत

ॲप शंभर आहेत, मी वही वापरली. ९९२ आले की त्याच दिवशी ५३१ बांधील खर्चाच्या खात्यात. तिथूनच भाडं आणि विमा आपोआप कापला जायचा. आठवड्याचे साठ युरो रोख काढून पाकिटात, मेन्झा आणि किराणा धरून. पाकीट शुक्रवारी रिकामं झालं तर शनिवारी खिचडी. बाकीचे दीड-दोनशे वेगळ्या खात्यात, त्याला आम्ही गंगाजळी म्हणायचो: कपडे, सहलीही त्यातूनच, पण हात लावायच्या आधी कॅलेंडर बघायचं. कॅलेंडरवर चार गोष्टी लाल पेननं: पुढच्या सत्राची वर्गणी भरायची मुदत (हिवाळ्यात जानेवारी-फेब्रुवारी, उन्हाळ्यात जुलै-ऑगस्ट, विद्यापीठागणिक वेगळी), परवाना संपायची तारीख आणि त्याच्या तीन महिने आधीची तारीख, भारताचं तिकीट, आणि नेबेनकोस्टेनचा हिशेब.

रुपयांत गुणाकार करत बसू नका, हे मात्र सांगतो. पहिल्या महिन्यात मी दोन युरोंची कॉफी म्हणजे दोनशे रुपये म्हणत सोडायचो आणि थर्मास न नेता थंडीत कुडकुडायचो. त्यापेक्षा तासात मोजा. किमान वेतनावर वीस युरोंचं जेवण म्हणजे दीड तासाचं काम. मग ते घ्यायचं की नाही ते आपोआप ठरतं.

एक सवय घरच्यांनीही लावून घ्यावी. मुलाला दर आठवड्याला "पैसे आहेत ना?" विचारू नये; तो "हो" च म्हणतो. त्याऐवजी महिन्यातून एकदा गंगाजळीत किती आहेत, हा आकडा मागावा. सलग दोन महिने तो खाली गेला तर तेव्हा बोलावं. काकांनी हे लगेच लिहून घेतलं आणि फोनवरच ओरडले, "अगं, आकडा विचारायचा, पैसे नाही!" पलीकडे काकू काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही.

परत येताना राहिलेलं एक. खोली सोडल्यावर अनामत त्याच दिवशी मिळत नाही. भिंती, नळ, बिलं तपासून ती तीन-चार महिन्यांनी, कधी सहा महिन्यांनीही येते. ती भारतातल्या खात्यावर पाठवायला मालक कुरकुरतात. म्हणून निरोपाचे कागद करताना, मोबाइल आणि जिमचे करार संपवा, पत्त्याची नोंद रद्द करा, पण जर्मन बँकेतलं खातं तेवढं चालू ठेवा. माझे ५०० मी पुण्यात आल्यावर चौथ्या महिन्यात जमा झाले, साफसफाईचे ३५ कापून.